पुण्यात घरची छोटी रोपवाटिका: आधी पाण्याचा हिशोब, मग रोपं

गच्चीवर पंधरा-वीस कुंड्या सांभाळणं वेगळं आणि पिशव्यांमधून शंभर रोपं तयार करणं वेगळं. कुंडीतलं जुनं जास्वंद एक दिवस पाणी चुकलं तर मान टाकतं आणि संध्याकाळी पाणी मिळालं की पुन्हा उभं राहतं. पिशवीतल्या दोन महिन्यांच्या रोपाकडे तेवढा साठाच नसतो. एप्रिलमधली एक कोरडी दुपार त्याला पुरते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांची बहुतेक रोपं किडीने किंवा खत कमी पडल्याने जात नाहीत. ती पाण्याने जातात, कधी कमी पडून आणि त्याहून जास्त वेळा जास्त होऊन.

म्हणून या लेखात पाण्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. माझं म्हणणं सरळ आहे: किती रोपं करायची हे जागेवरून ठरवू नका. मे महिन्यात, पाणीकपातीच्या आठवड्यातसुद्धा, तुम्ही रोज किती पाणी देऊ शकाल त्यावरून ठरवा.

१. जागा: कोणत्या महिन्यात किती ऊन येतं ते पाहा

पूर्वेची बाल्कनी किंवा गच्चीचा पूर्वेकडचा भाग सगळ्यात सोयीचा. सकाळचं ऊन मिळतं, दुपारची झळ टळते. पश्चिमेची बाल्कनी मार्च ते मे फार तापते, तिथे सावलीच्या जाळीशिवाय (शेडनेट) काम होत नाही. दक्षिणेच्या बाल्कनीबद्दल अनेकांचा गोंधळ होतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. मेच्या मध्यात सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो (शून्य सावलीचा एक दिवस तेव्हा असतो), आणि वरच्या स्लॅबमुळे त्याच बाल्कनीत ऊन शिरत नाही. थंडीत पाहून ठरवलेली जागा उन्हाळ्यात वेगळीच निघते, हे आधी लक्षात घ्या.

गच्ची सोसायटीची असेल तर ती सगळ्यांच्या मालकीची असते. सचिवांशी बोलून लेखी परवानगी घ्या. परवानगीच्या अर्जातच लिहा की पिशव्या थेट फरशीवर ठेवणार नाही, पाण्याच्या निचऱ्याची जाळी मोकळी ठेवेन आणि वॉटरप्रूफिंगला खिळा मारणार नाही. खालच्या मजल्यावर ओल दिसली की पहिलं बोट झाडांकडेच जातं, मग कारण काहीही असो. सुरू करण्यापूर्वी गच्चीच्या फरशीचे आणि भेगांचे फोटो काढून ठेवा.

वजनाचाही विचार करा. ओली भरलेली ५ बाय ७ इंचाची पिशवी साधारण सव्वा किलोची होते. शंभर पिशव्या म्हणजे सव्वाशे किलो, तेही पसरलेले, त्यात धोका नाही. पण २०० लिटरचा पाण्याचा पिंप भरला की २०० किलो एकाच जागी येतात. पिंप बाल्कनीच्या कठड्याजवळ ठेवू नका, आतल्या बाजूला, भिंतीलगत ठेवा.

२. पाण्याचा हिशोब

५ बाय ७ च्या पिशवीत साधारण पाऊण लिटर माती बसते. मेमध्ये, शेडनेटखाली, अशा पिशवीला दिवसाला १५० ते २०० मिली पाणी लागतं. शंभर पिशव्यांना १५ ते २० लिटर. सांडलवंड धरून २५ लिटर समजा. म्हणजे दोन मोठ्या बादल्या, रोज. थंडीत हे प्रमाण एक तृतीयांशावर येतं आणि भर पावसाळ्यात कित्येक दिवस पाणी द्यावंच लागत नाही.

आता वेळ. झारीने शंभर पिशव्या नीट भिजवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मेमध्ये दिवसातून दोनदा. नळापासून गच्चीपर्यंत बादली चढवायची असेल तर तोही वेळ धरा. हे तुम्हाला रोज जमणार असेल तरच शंभर. नाहीतर पन्नास करा. पन्नास रोपं उत्तम वाढवलेली, शंभर मरतुकड्या रोपांपेक्षा केव्हाही बरी.

त्यानंतर साठा. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं पुण्याची तहान भागवतात, आणि जूनचा पाऊस लांबला की पाणीकपात येते. दोन दिवसांचं पाणी हाताशी असलं पाहिजे: शंभर पिशव्यांना ५० लिटर, झाकण असलेल्या पिंपात. सोसायटीत टँकर सुरू झाले की गच्चीवर पाइप सोडणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, आणि ते स्वाभाविक आहे. त्या दिवसांत पाइप गुंडाळून ठेवा आणि झारीच वापरा.

पावसाचं पाणी जमेल तेवढं धरा. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. २० चौरस मीटरच्या गच्चीवर २५ मिमीची एक जोरदार सर म्हणजे ५०० लिटर. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी धुळीचं असतं, ते जाऊ द्या. नंतरचं पाणी रोपांसाठी सोनं आहे, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात.

३. पाणी कसलं आहे ते तपासा

पुण्यात एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांचं पाणी वेगळं असू शकतं. महापालिकेचं धरणाचं पाणी क्षारांच्या दृष्टीने हलकं असतं. त्यातल्या क्लोरीनची धास्ती नको. रात्रभर बादलीत ठेवलं की पुरे, आणि नाही ठेवलं तरी रोपं मरत नाहीत. खरी अडचण बोअरच्या पाण्याची. बाणेर, वाकड, वाघोलीसारख्या भागांत बोअर आणि टँकरवर बऱ्याच सोसायट्या चालतात. टँकरमध्ये बहुतेक वेळा बोअरचं किंवा विहिरीचंच पाणी असतं.

ओळखायचं कसं? बादलीच्या कडेला, नळाच्या तोटीवर पांढरा खरखरीत थर धरत असेल तर पाणी जड आहे. हाच थर दोन-तीन महिन्यांत पिशवीच्या मातीवर दिसू लागतो. मग जास्वंद, मोगरा आणि गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. लोक याला खत कमी पडलं समजून आणखी खत टाकतात आणि क्षार वाढवतात. मुळात जड पाण्याने मातीचा सामू वाढतो आणि मातीत लोह असूनही रोपाला ते घेता येत नाही.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा पेनासारखा मीटर मिळतो, तो घ्या. ५०० पीपीएमच्या आतलं पाणी निर्धास्त वापरा. हजाराच्या वर असेल तर बियांच्या ट्रेला आणि छाटकलमांना (रुजायला लावलेल्या फांदीच्या तुकड्यांना) ते देऊ नका. त्यांच्यासाठी पावसाचं, महापालिकेचं किंवा एसीतून ठिबकणारं पाणी राखून ठेवा. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची पद्धत घरोघरी आहे, पण त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. मोठ्या झाडांना कधीमधी, साध्या पाण्यात मिसळून ठीक, रोपवाटिकेत नको. साबणाचं पाणी तर नकोच. तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी मोठ्या कुंड्यांना चालतं, पण कोवळ्या रोपांच्या मातीवर त्याने बुरशी आणि चिलटं येतात.

४. सामान

सुरुवातीला एवढंच घ्या:

- ५ बाय ७ इंचाच्या भोकं असलेल्या काळ्या पिशव्या. त्या किलोवर मिळतात, अर्धा किलो भरपूर होतात.
- बियांसाठी दोन-तीन प्रोट्रे, ५० किंवा ९८ कप्प्यांचे.
- ५० टक्के सावलीची शेडनेट. छाटकलमांच्या कोपऱ्यासाठी ७५ टक्क्यांचा तुकडा.
- बारीक भोकांच्या तोटीची झारी, ८ ते १० लिटरची. शिवाय प्रोट्रेसाठी दाबाचा हातपंप.
- चांगली कात्री, घमेलं, खुरपं, पिशव्या ठेवायला विटा आणि फळ्या किंवा प्लॅस्टिकचे क्रेट.
- मुळं फुटण्याची पावडर, नावाच्या पट्ट्या आणि पुसली न जाणारी शाई.

जाळी, दोऱ्या, पाइप, जोडणीचे सुटे भाग यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी धुंडाळा. तिथे मीटरवर कापून मिळतं आणि भाव दुकानागणिक बदलतो, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारा. मातृरोपं, म्हणजे ज्यांच्यापासून पुढची रोपं करायची ती मूळ झाडं, घ्यायला सोलापूर रस्त्याने मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचनपर्यंत जा. रविवारी तिथे घाऊक व्यापाऱ्यांना बोलायला फुरसत नसते, मधल्या वारी जा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे वेगवेगळ्या जाती एकाच ठिकाणी पाहायला मिळतात आणि नावं पक्की होतात.

झारीच्या तोटीवर पैसे वाचवू नका. जाड भोकांची तोटी बी उकरून काढते आणि माती दाबून टाकते.

शेडनेट बांधताना वाऱ्याचा विचार करा. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येतो तो वादळ घेऊनच. सैल बांधलेली जाळी एका संध्याकाळीत फाटते आणि खालच्या रोपांवर पडते. डोक्यापेक्षा वर, चारही बाजूंनी ताणून, कडेला दुहेरी घडी घालून बांधा. टाकीच्या पाइपांना दोर बांधू नका.

५. माती

पुण्याची स्थानिक काळी माती पिशवीत एकटी वापरू नका. ओली असताना ती चिकट, घट्ट होते, वाळली की आकसून भेगा पडतात आणि मग दिलेलं पाणी भेगेतून खाली निघून जातं. माझं मिश्रण असं: दोन भाग लाल पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट, आणि घमेल्याला मूठभर निंबोळी पेंड. शेणखताला वास येत असेल, हात घातल्यावर ऊब लागत असेल तर ते कच्चं आहे. ते बाजूला ठेवा.

कोकोपीट धुणं लोक टाळतात. ५ किलोची वीट भिजून ६० ते ७० लिटर होते, आणि तिच्यात मूळचे क्षार असतात. गोणपाटात घालून दोन-तीन वेळा भरपूर पाण्याने निथळा, पाण्याचा गडद तपकिरी रंग फिका होईपर्यंत. हे काम पावसाळ्याच्या तोंडाशी केलं तर पाणीही वाया गेल्यासारखं वाटत नाही.

पिशवी भरताना वर एक इंच रिकामा ठेवा. हे बारीकसं काम पुढे वर्षभर कामाला येतं. ५ बाय ७ च्या पिशवीत त्या एका इंचात साधारण सव्वाशे मिली पाणी मावतं, म्हणजे एकदा काठोकाठ भरलं की एका वेळचं पाणी झालं. मोजायला नको, अंदाज करायला नको. काठापर्यंत माती भरलेल्या पिशवीवरून पाणी ओघळतं, वरचा थर ओला दिसतो आणि आत माती कोरडीच राहते.

भरून झाल्यावर एक पिशवी घेऊन काठापर्यंत पाणी ओता. ते अर्ध्या मिनिटात आत गेलं नाही तर मिश्रण घट्ट आहे, वाळू किंवा भाताचं तूस मिसळा. पाणी क्षणात खालून निघालं तर पोयटा वाढवा.

६. काय लावायचं आणि केव्हा

पहिल्या वर्षी सात-आठ प्रकारांच्या पुढे जाऊ नका, कारण प्रत्येकाची तहान वेगळी. तुळस, जास्वंद, मोगरा, मनीप्लांट, पानओवा, गवती चहा, कोरफड, कढीपत्ता एवढी यादी पुरेशी आहे, आणि पुण्यात या प्रत्येकाला मागणी आहे.

मांडव, जाळी, माती हे सगळं मेमध्ये करून ठेवा. मृग लागला, हवेत ओलावा आला की छाटकलमं सुरू करा. जून अखेर ते ऑगस्ट हा काळ नवख्यांसाठी सगळ्यात क्षमाशील आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा मोगऱ्या-जास्वंदाच्या काड्या नुसत्या उभ्या राहतात, मुळं धरत नाहीत.

तुळशीचं बी फार बारीक असतं. ओल्या मातीवर भुरभुरवा, वरून माती जवळजवळ घालूच नका, फवाऱ्यानेच पाणी द्या. आठ-पंधरा दिवसांत उगवतं. जून-जुलैत पेरलेली तुळस दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नाला पिशवीत चांगली दाट झालेली असते, आणि तेव्हाच तिला सगळ्यात जास्त मागणी असते. कढीपत्त्याचं बी फार दिवस टिकत नाही. काळी पिकलेली फळं मिळाली की गर काढून त्याच दिवशी लावा. पाकिटातलं जुनं बी घेऊ नका. मोठ्या झाडाच्या बुडाशी फुटवे येतात, तेही मुळासकट काढता येतात. कोरफडीची पिल्लं काढल्यावर दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा, आणि पुढचे काही दिवस पाणी नको. गवती चहा मूठभर घेऊन मुळासकट फाडायचा आणि पात्या अर्ध्या कापून लावायच्या.

स्नेक प्लांटची पानं कापून रोपं करता येतात, पण पिवळ्या कडेची जात पानापासून केली तर नवीन रोप साधं हिरवं निघतं. पिवळी कड हवी असेल तर गड्डा विभागूनच करा.

७. छाटकलम: जास्वंदाचं उदाहरण

पेन्सिलीएवढी जाड, धड कोवळी नाही धड राठ नाही अशी फांदी सकाळी कापा. सहा इंचांचे तुकडे करा, प्रत्येकावर तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप सरळ. यामुळे वर-खाली ओळखता येतं, कारण उलटी लावलेली काडी रुजत नाही. खालची पानं काढून टाका, वरची दोन ठेवा आणि तीही अर्धी कापा. खालचं टोक पावडरमध्ये बुडवून झटका. काडी मातीत खुपसू नका, आधी दुसऱ्या काडीने भोक करा, मग ठेवा आणि बोटांनी माती दाबा. छाटकलमांच्या मिश्रणात खत नको: धुतलेलं कोकोपीट आणि जाड वाळू, निम्मं निम्मं.

मग एकदा भरपूर पाणी, वरून पारदर्शक पिशवीचा तंबू, आणि पूर्ण सावली. मुळं फुटायला चार ते सहा आठवडे लागतात. वरचे डोळे त्याआधीच फुटतात आणि माणूस खूश होऊन काडी उन्हात नेतो. तो फुटवा काडीतल्या साठ्यावर आलेला असतो. हलकेच ओढून पाहा. काडी सहज हलली तर अजून थांबा.

गुलाबात गावठी गुलाब काडीपासून येतो. बाजारातले संकरित गुलाब डोळा भरून (दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा बसवून) केलेले असतात, ते काडीपासून रुजले तरी तसे जोमाने वाढत नाहीत. सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका.

८. पाणी देण्याची रीत

पाणी द्यायचं की नाही हे घड्याळावरून ठरवू नका, पिशवी उचलून ठरवा. संध्याकाळी एक पिशवी काठोकाठ भिजवा, निथळू द्या, हातात घ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच पिशवी पुन्हा उचला. हा फरक आठवडाभर रोज हाताला दाखवलात की पुढे नुसतं उचलून कळतं. वरची माती पाहून फसायला होतं: उन्हाळ्यात ती तासाभरात वाळून पांढरी दिसते आणि आत ओल असते, पावसाळ्यात ती ओली दिसते आणि पानांच्या छत्रीखालची पिशवी आतून कोरडी असते.

पाणी सकाळी, ऊन चढायच्या आत द्या. झारीची तोटी वरच्या दिशेला वळवलेली असू द्या म्हणजे पाणी पावसासारखं हलकं पडतं. दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फक्त वरचा थर ओला करायचा. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत या, आणि दुसऱ्या फेरीत तो रिकामा इंच भरा. कोरडी माती एकदम पाणी घेत नाही, पहिल्या फेरीने तिची तयारी होते. कोकोपीट जास्त असलेली पिशवी पूर्ण वाळली की आतला गोळा आकसतो, कडेला बारीक फट पडते आणि सगळं पाणी त्या फटीतून खाली जातं. खालून पाणी निघालं म्हणून आपण समाधानी होतो, आणि मुळं कोरडीच राहतात. अशी पिशवी बादलीभर पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा.

हीच गोष्ट बाहेरून आणलेल्या रोपांची. आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रक भरून रोपं येतात आणि त्यांच्या मुळांशी चिकणमातीचा टणक गोळा असतो. तो तसाच आपल्या भुसभुशीत मिश्रणात ठेवला की आजूबाजूची माती भिजते आणि गोळा कोरडा राहतो. लावण्यापूर्वी अर्धा तास पाण्यात ठेवून बाहेरचा थर बोटांनी सैल करा. हे पावसाळ्यातच करा.

मार्च ते मे: दोनदा पाणी, सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर. संध्याकाळी पानांवर न घालता मातीत घाला, रात्रभर ओली पानं बुरशीला बोलावतात. पाइप उन्हात पडलेला असेल तर आधी त्यातलं गरम पाणी बादलीत सोडा. ते हाताला चटका देतं, कोवळ्या मुळांचं काय होत असेल. पिशव्या एकमेकींना चिकटवून मांडा आणि पश्चिमेकडच्या शेवटच्या रांगेबाहेर फळी किंवा ओलं गोणपाट उभं करा. काळी पिशवी उन्हाच्या बाजूने तापते आणि त्या बाजूची मुळं आधी करपतात, म्हणून कडेची रांग सगळ्यात आधी सुकते.

जून ते सप्टेंबर: पिशव्या विटा-फळ्यांवर उचलून ठेवा, फरशीवरच्या साचलेल्या पाण्यात त्या दोन-तीन दिवस राहिल्या तर मुळं कुजतात. गच्चीच्या निचऱ्याची जाळी आठवड्यातून एकदा साफ करा. जुलैत रिमझिम आठ-आठ दिवस थांबत नाही, तेव्हा बियांच्या ट्रेवर पारदर्शक प्लॅस्टिक धरा, बाजू मोकळ्या ठेवून.

ऑक्टोबरला सगळ्यात जपा. पाऊस अचानक थांबतो, ऊन कडक होतं, आणि चार महिने पाणी न दिल्याने आपली सवय मोडलेली असते. रोपंही पावसात मऊ, पसरट पानांची झालेली असतात. माझ्या मते पुण्यात मेपेक्षा ऑक्टोबरात जास्त रोपं जातात. पाऊस थांबलेल्या दिवसापासून पुन्हा रोज पिशव्या उचलून पाहायला लागा.

थंडीत दोन-तीन दिवसांतून एकदा, नऊनंतर, ऊन आल्यावर.

९. ठिबक बसवायचं का?

शंभर पिशव्यांपर्यंत हातानेच पाणी द्या, असं मी ठामपणे सांगते. पाणी देताना प्रत्येक रोप नजरेखालून जातं, कीड पहिल्या दिवशी दिसते. शिवाय प्रत्येक पिशवीला स्वतंत्र ड्रिपर लावावा लागतो, आणि शंभरातले चार बंद पडले तर चार रोपं वाळेपर्यंत पत्ता लागत नाही.

मोठ्या कुंड्यांतल्या मातृरोपांना मात्र ठिबक उपयोगी आहे. इथे दाबाची फसगत होते. पाण्याला १० मीटर उंचीमागे सुमारे १ किलो दाब मिळतो. गच्चीवरची टाकी जेमतेम दोन-तीन मीटर उंच, म्हणजे पाव किलोच्या आसपास. शेतातले दाब-नियंत्रित ड्रिपर तेवढ्यावर नीट चालत नाहीत. साध्या बारीक नळ्या किंवा फिरवून कमी-जास्त करता येणारे ड्रिपर घ्या, आणि टायमर घेताना तो शून्य दाबावर चालणारा, बॉल व्हॉल्व्हचा आहे ना, हे दुकानदाराला विचारा. जाळीचा फिल्टर हवाच. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपर महिन्या-दोन महिन्यांनी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून काढा.

गावाला चार दिवस जायचं असेल तर सगळ्या पिशव्या सावलीत एकत्र गोळा करा, बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा आणि खाली-बाजूंनी ओलं गोणपाट लावा. उन्हाळ्यात त्याहून जास्त दिवस असतील तर शेजाऱ्यांना किल्ली द्या, आणि जाण्याआधी एकदा त्यांच्याकडूनच पाणी घालून घ्या.

१०. मर, कीड आणि डास

ट्रेमधली कोवळी रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडली तर ती मर आहे. कारण दाट पेरणी आणि सततची ओल. पडलेली रोपं मातीसकट काढा, पाणी थांबवा, ट्रे मोकळ्या हवेत ठेवा. पेरण्यापूर्वी मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळला तर बराच बचाव होतो. पिठ्या ढेकूण जास्वंदावर येणारच. सुरुवातीला ओल्या कापसाने पुसा, वाढले तर लिटरला ५ मिली नीम तेल आणि दोन-चार थेंब पातळ साबण, संध्याकाळी फवारा. एप्रिलमध्ये पानामागे लाल कोळी दिसला तर सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा.

डासांबाबत कुचराई नको. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. आठवड्यातून एक ठरलेला वार कोरडा दिवस पाळा: ताटल्या, क्रेट, रिकाम्या पिशव्या, झारी सगळं उपडं करा. पिंपाचं झाकण घट्ट हवं, नाहीतर वर बारीक कापड बांधा. डासांच्या अळ्या सापडल्या तर महापालिका नोटीस देते, दंडही होतो, आणि सोसायटीची परवानगी जाते ती वेगळीच.

११. विकायची असतील तर

पहिले गिऱ्हाईक आपल्याच इमारतीत असतात. तुळशीच्या लग्नाआधीचे पंधरा दिवस आणि संक्रांत ते रथसप्तमीची हळदीकुंकवं, हे दोन मोठे हंगाम. हल्ली वाण म्हणून रोपं देतात, एका घरून तीस-चाळीस एकसारखी रोपं मागितली जातात, त्यामुळे एकाच प्रकारची बॅच लावलेली असावी. दर ठरवताना मेलेल्या रोपांचा खर्च जगलेल्यांवर चढवा. आणि सावलीतलं रोप विकण्याआधी आठवडाभर थोडं थोडं ऊन दाखवा, नाहीतर ते गिऱ्हाइकाच्या बाल्कनीत पहिल्याच दिवशी करपतं.

आंबा, पेरू, लिंबू, चिकू यांची कलमं घरून विकू नका. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्यात १९६९ चा कायदा आहे आणि त्यासाठी कृषी विभागाचा परवाना लागतो. हा नियम रास्त आहे: तुळस खराब निघाली तर महिन्यात कळतं, चुकीच्या जातीचा आंबा कळायला शेतकऱ्याची पाच वर्षं जातात. तसंच, कंपन्यांनी किंवा विद्यापीठांनी पीक-वाण संरक्षणाच्या २००१ च्या कायद्याखाली नोंदवलेल्या वाणांची रोपं त्या नावाने करून विकता येत नाहीत. घेताना लेबल वाचा.

कागदपत्रं फार लागत नाहीत:

- सोसायटीची लेखी परवानगी. भाड्याचं घर असेल तर मालकाचंही पत्र.
- नियमित विक्री करणार असाल तर उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी). आधार आणि पॅन पुरतात, सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते. यासाठी शुल्क मागणाऱ्या खासगी साइट्स अगदी सरकारी दिसतात, त्यांना पैसे देऊ नका.
- फळझाडांकडे वळायचं ठरलं तर जागेची कागदपत्रं आणि मातृवृक्षांची माहिती घेऊन आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा, कलमं नंतर बांधा.

मातृरोपं कुठून, कधी घेतली त्याच्या पावत्या एका वहीत चिकटवत जा. त्याच वहीत प्रत्येक बॅचची लावल्याची तारीख, किती लावली आणि किती जगली एवढं लिहा. पुढच्या मृगाला किती पिशव्या भरायच्या ते त्या वहीतून ठरवता येतं.